खुडूक सरपंचीण आणि पुण्याची हद्द

आमच्या गावची शाळा ओढ्याच्या अलीकडून पलीकडे गेली, एसटीचा थांबा वडाखालून उठून फाट्यावर गेला, एका पावसाळ्यात तर मारुतीचं देऊळसुद्धा हातभर सरकलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हलली नाही ती एकटी आमची मुक्ताईअक्का.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच मला कडेवर वाढवलं. तिचा डावा खांदा जरा खाली आहे तो माझ्या वजनानं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. नवरा गेला, मूलबाळ नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चुलीवरचं दूध उतू गेलेलं वासावरून कळणार, इतकीच नजर उरलेली. मी पुण्याला वारज्यात, माळवाडीला राहतो. पत्र्याचं का होईना घर आहे, मागं कोंबडं दोनदा उडेल एवढं अंगण आहे, बायको यमुनाबाई आहे, मुलगा-सून आहेत. दर दिवाळीला मी अक्काला म्हणायचो, "चल." दर दिवाळीला ती म्हणायची, "बगू."

यंदा परतीच्या पावसानं तिच्या घराची मागची भिंत बसली. मी मिळेल त्या गाडीनं लातूर गाठलं, तिथून गाव. बघतो तर अक्का बाजेखाली डोकं घालून बसलेली. बाजेखाली पाटी, पाटीत भुसा, भुशात अंडी आणि अंड्यांवर सरपंचीण.

सरपंचीण ही अक्काची कोंबडी. तांबडी, गळ्याशी काळी, आणि चालताना मान अशी की ग्रामसभा उधळून निघालीय. ती खुडूक होऊन अंडी उबवायला बसली होती. खुडूक कोंबडीला जागेवरून उठवणं कलेक्टरालाही जमत नाही. एकदा एका तहसीलदारानं प्रयत्न केला होता, त्याची बदली झाली.

"अक्का, भिंत पडली. आता तरी चल."

"ही बसलीय."

"हिला घेऊन चल. पाटीसकट."

अक्का बाजेखालून बाहेर आली. गुडघे दोन्ही हातांनी दाबत उभी राहिली आणि तिनं पडक्या भिंतीकडं तोंड केलं. भिंतीच्या जागी उजेड दिसत असावा तिला.

"येते," ती म्हणाली. "पन आट हाय. अंडी पुन्यात फुटली पायजेत. कोंबडी जितं पिल्लं काढती, तितलीच हून जाती. हिचं तितं जमलं तर माझं बी जमंल आसं समजू. वाटंत गार पडली, न्हाईतर कुटं अधीमधीच फुटली, तर मला परतीच्या गाडीत बसवायचं. आन् पुन्ना चल म्हनायचं न्हाई."

"कधीच?"

"कदीच."

"फुटणार कधी?"

तिनं एक अंडं काढून कानाला लावलं. "उद्या दिस बुडायच्या आत."

गाडी रात्रीची, सकाळी पुण्यात. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळा झालो.

*

सकाळी जाग आली ती गाडी थांबल्यानं. खिडकीबाहेर उरुळी स्टेशनची पाटी, आणि पाऊस असा की फलाटावरच्या कुत्र्यानं अंग झटकलं तर ते पाणी खाली पडायच्या आत पाऊस परत त्याच्याच अंगावर टाकत होता. रेल्वेचा माणूस डोक्यावर पोतं घेऊन डब्याडब्यातून सांगत गेला, "पुढं रुळांवर पाणी आलंय. लाइन कधी मोकळी होईल सांगता येत नाही."

समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेलं करडं स्वेटर, मांडीवर छत्री, छत्रीवर वर्तमानपत्र. लातूरला मेहुण्याकडे जाऊन आले होते आणि मेहुण्याचं काहीच त्यांना पटलेलं नव्हतं, एवढं रात्री कळलं होतं. नाव खासगीवाले, राहणार शनिवार पेठ. पेठेचं नाव सांगताना त्यांनी स्वेटर सरळ केलं होतं.

पाटीतून सरपंचीण 'कुर्र कुर्र' करायला लागली.

"ती कोंबडी आहे का?" खासगीवाल्यांनी विचारलं.

"हो."

"बरं. रात्रभर मी तुमच्या बहिणीचा दमा समजत होतो."

"अंड्यांवर बसलीय हो," मी म्हणालो.

"बसू दे. माझी हरकत बसण्याला नाही, बोलण्याला आहे."

अक्का खूश झाली. "ह्यो मानूस खोटं बोलायचा न्हाई," मला कानात म्हणाली. "आवाजच तसा हाय. बाभळीसारका."

तेवढ्यात तिकीट तपासनीस आले. ओली पँट पोटरीला चिकटलेली, चेहऱ्यावर जागरण. पाटीपाशी थांबले. "हिचं तिकीट?"

"मांडीवरच्या लेकराला तिकीट आस्तंय का?" अक्कानं विचारलं.

"हे लेकरू आहे?"

"ही न्हवं, हिच्या खालची. अजून जल्माला यायचीत. त्यांची नावं कुटल्या कागदावर घालताव, घाला."

तपासनिसांनी आधी पाटीकडं, मग पावसाकडं पाहिलं. "मी या डब्यात आलोच नाही," ते म्हणाले आणि पुढं गेले.

दुपार व्हायला आली तरी गाडी हलेना. अक्कानं एक अंडं कानाला लावलं आणि तिचा चेहरा बदलला. "चिवचिव करायलंय आत. वैजा, पुनं किती लांब?"

आता इथं माझं डोकं जरा जास्तच चाललं. म्हटलं, पेच सुटत असेल तर इथंच सोडवून टाकू. "लांब कुठलं?" मी म्हणालो. "हे पुणंच. पुण्याचाच भाग आहे हा."

"तुजं न्हाई ऐकायची मी. मागं तू सांगितलास, पुन्यात सकाळच्या टायमाला नळाला ताक येतंय. मी कळशी घिऊन आलते."

आली होती, खरं आहे. स्वारगेटला कळशी घेऊन उतरली होती.

"ह्या सायबांस्नी इचार."

मी खासगीवाल्यांकडं वळलो आणि त्यांना एका डोळ्यानं नव्हे, दोन्ही डोळ्यांनी डोळा मारला. "काय साहेब, हे पुणंच म्हणायचं ना?"

खासगीवाल्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. माणूस घडी घालतो तेव्हा त्याला थोडक्यात उत्तर द्यायचं नसतं.

"हे? उरुळी? जिल्हा म्हणत असाल तर भीमाशंकरचं माकडही पुण्याचंच. पुणे म्हणजे पेठा. नदीच्या अलीकडे, पर्वतीच्या आत. बाकी सगळी नुसती वाढ. माणसाची ढेरी सुटली म्हणून आपण त्याला उंच झाला म्हणत नाही."

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण भिजलेल्या माणसाला आणखी भिजायची भीती राहत नाही. "पण वारजे?" मी म्हणालो. "वारजे तर पुण्यातच ना?"

"वारजे? ते पुण्यात केव्हा आलं?"

"महापालिकेत येऊन किती वर्षं झाली!"

"महापालिकेत मीही गेलो होतो, दाखला आणायला. तेवढ्यानं नगरसेवक झालो नाही."

पाटीवरचं फडकं अक्कानं नीट खोचलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे तुजं घर पुन्यात न्हाई."

"अगं अक्का..."

"आट पुन्याची हाय. वारज्याची न्हाई."

शनिवार पेठेतल्या माणसाला पुणं कुठं आहे असं विचारायची चूक मराठवाड्यातला माणूसच करू जाणे. घरी वेळेत पोचलो तरी मी हरणार होतो, आणि ती व्यवस्था माझी मीच केली होती.

*

"कोंबट पानी बग," अक्का म्हणाली. "लेकराच्या आंगुळीएवढं."

आम्ही पाटी घेऊन फलाटावरच्या चहाच्या टपरीशी आलो; खासगीवालेही चहाला उतरले होते. टपरीवाल्यानं भजी काढायची परात विसळून त्यात पाणी ओतलं. अक्कानं बोट बुडवलं, गार पाणी मिसळायला लावलं, पुन्हा बोट बुडवलं. मग सरपंचिणीला दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि धरायला कुणी दिसेना म्हणून म्हणा किंवा दिसतच नव्हतं म्हणून म्हणा, सरळ खासगीवाल्यांच्या पोटाशी टेकवलं.

"धरा."

खासगीवाल्यांनी ती सरकारी फायलीसारखी धरली, अंगापासून लांब. "ही चावते का?"

"खोटं बोलनाऱ्याला."

अक्कानं एकेक अंडं पाण्यात सोडलं. अंडी तरंगली. आणि मग आपसूक हलायला लागली. एक इकडं झुकलं, एक गिरकी घेऊन दुसऱ्यावर आपटलं. आत जीव असला की अंडं पाण्यात असं नाचतं. परातीभोवती सगळी गाडी जमली. एक जाडजूड बाई एका अंड्याला "हल रे माझ्या राजा" म्हणून हाका मारत होती. मला तर वाटतं, इंजिन चालवणाराही येऊन वाकून बघून गेला; इंजिन आलं नाही एवढंच.

एक अंडं मात्र गप्प राहिलं. अक्कानं ते उचललं, गालाला लावलं आणि बाजूला ठेवलं. "हे गेलं." बाकीची तिनं पदरानं पुसून भुशात ठेवली. "ही जित्ती हाईत. येळ न्हाई आता."

तेवढ्यात खासगीवाल्यांच्या पँटवर पांढरी-हिरवी रेघ उतरली. दिवसातून एकदाच उठणारी कोंबडी जे उरकते ते सरपंचिणीनं उरकून घेतलं होतं.

"हिला घरी जाईपर्यंत धीर नव्हता का?" ते म्हणाले.

"सायेब, ती मोकळी झाली. आता दिसभर हलायची न्हाई," अक्का म्हणाली. "लई उपकार."

खासगीवाल्यांनी पँटकडं पाहिलं. उपकार इतक्या ठिकाणी दिसतात हे त्यांना माहीत नसावं.

मग गाडी पुढं जाणार नसल्याचं कर्ण्यावर सांगितलं. माणसं ट्रंका, पोरं, पिशव्या डोक्यावर घेऊन हमरस्त्याकडं निघाली. एसट्या भरलेल्या, रिक्षा तोंडाला येईल ते मागणाऱ्या. रस्त्याच्या कडेला कोथिंबिरीनं भरलेला एक टेम्पो उभा होता आणि त्याचा मालक ताडपत्रीची दोरी आवळत होता. भीमराव त्याचं नाव, राहणार तिथलाच.

"मार्केट यार्डात चाललाव?" मी विचारलं. "आम्हाला न्या. बहिणीच्या मांडीवर..." इथं मी जरा थांबलो, कारण गोष्ट कुठून सुरू करावी हा प्रश्न होता. मग सगळीच सांगितली. कोंबडी, अट, पेठा, वारजं.

भीमराव दोरी सोडून हसत बसला. "म्हंजी मावशी ऱ्हाणार का जाणार, ते अंडी ठरीवणार? बसा, बसा. भाड्याचं नावबी काढू नका. म्होरं एक जण बसंल, बाकीचे मालावर."

अक्का पुढं चढली. मांडीवर पाटी घेतली आणि म्हणाली, "त्या सायबांस्नी बी घे."

खासगीवाले छत्रीखाली एकटे उभे होते. फोन बंद पडलेला, बुटांत पाणी, पँटवर उपकार.

"त्यांना कशाला?" मी म्हणालो. मला तो माणूस आता शक्य तितका लांब हवा होता.

"ते नसले तर पुनं आलं ते मला कोन सांगंल? तू?"

*

ताडपत्रीखाली मी आणि खासगीवाले कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसलो. वरून पाऊस, खालून ओल, मध्ये दोन म्हातारी माणसं. कोथिंबीर इतकी ताजी की आमच्या धोतरा-पँटीतून वर उगवते की काय अशी शंका यावी.

"साहेब," मी म्हणालो, "एक शब्द मागतो. ती एकटी राहते. दिसत नाही तिला. भिंत बसलीय, पुढच्या पावसात छप्पर बसेल. हडपसर आलं की नुसतं म्हणा, 'पुणं'."

"खोटं?"

"खोटं नाही हो. सवलत."

खासगीवाले ओल्या स्वेटरचं बटण चाचपत राहिले. "माझा सख्खा भाऊ कोथरूडला राहायला गेला. त्याला पत्र लिहिताना मी अजून 'मुक्काम पोस्ट' लिहितो. त्याला सवलत दिली नाही, तुम्हाला देऊ?"

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "तुमच्या बहीण माझ्यावर विश्वास ठेवतात, तो मी खोटं बोलत नाही म्हणून. मी एकदा बोललो की तोही संपला. मग त्यांच्याकडे कोण उरलं? तुम्ही?"

सकाळपासून दोघांनी मिळून मला हा प्रश्न दोनदा विचारला होता आणि दोन्ही वेळा उत्तर मला येत होतं, म्हणूनच राग येत होता.

लोणी गाव आलं. पुढून अक्काची हाक आली, "सायेब, पुनं?"

"नाही!" खासगीवाले ताडपत्रीतून डोकं काढून ओरडले.

मांजरी आली. "पुनं?"

"नाही!"

हडपसरच्या अलीकडं टेम्पो पाण्यात शिरला आणि खोकून बंद पडला. पाणी गुडघ्याला. भीमराव उतरला, मी उतरलो. खासगीवाल्यांनी बूट काढले, मोजे बुटांत नीट कोंबले, पँट पोटऱ्यांवर दुमडली. त्यांच्या पोटऱ्या इतक्या गोऱ्या की भीमराव म्हणाला, "काका, जपून, इज चमकली वाटून लोक पळतील." तेही उतरले. छत्री मात्र त्यांनी पुढच्या खिडकीतून आत घातली, कारण खिडकीला काच नव्हती आणि पावसाचे सपकारे थेट पाटीवर येत होते. एका हातानं छत्री, एका हातानं ढकलणं.

"सायेब, तुमी भिजताव की," अक्का आतून म्हणाली.

"मी अंडं नाही. ढकला हो तुम्ही, बघताय काय!"

आम्ही ढकलत होतो. टाचा चिखलात रुतत होत्या, कंबरेत कळ उठत होती, शेजारून जाणाऱ्या बसनं दिलेली लाट आमच्या तोंडात जात होती. त्या पाण्यात मी एक मासा पाहिला, तो डाव्या बाजूनं नियमानं चालला होता. शेवटी टेम्पोनं धूर सोडला आणि सुरू झाला.

"सायेब, आता? पुनं?"

खासगीवाले पाण्यात तसेच उभे राहिले. इकडं उड्डाणपूल, तिकडं उंच इमारती. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण लांबही नाही."

दिवसभरात त्यांच्या तोंडून हा पहिला 'पण' निघाला.

*

"मावशी, मार्केट यार्ड!" भीमरावनं गाळ्यापाशी टेम्पो लावला. "ह्याच्या म्होरं कसलं आलंय पुणं? सगळं पुणं आपल्यापासून जेवतंय."

अक्काचा हात पाटीत होता. "टोच पडलीय," ती म्हणाली. "भोक लागतंय बोटाला. सायेब?"

खासगीवाल्यांनी चारी बाजूंना बघितलं. कांद्याच्या थप्प्या, ओले हमाल, भाजीचा खच. "गुलटेकडी," ते हळू आवाजात म्हणाले. "पेठ नाही."

मी एका पोत्यावर बसलो. फोनवर यमुनाबाई विचारत होती, "अहो, कुठवर आलात? पाणी तापवून ठेवलंय." तिला काय सांगावं? आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचेना. वारज्याला पोचेतो पिल्लू बाहेर येणार होतं, आणि पोचलो तरी वारजं ते वारजंच. मला अक्काचा डावा खांदा दिसत होता, पाटीवर वाकलेला. म्हटलं, ही आता उद्याच्या गाडीनं जाणार. पडक्या भिंतीच्या घरात बसणार, वासावरून दूध ओळखत. आणि मला पुन्हा 'चल' म्हणायचीही सोय नाही.

खासगीवाल्यांनी घसा खाकरला. "शनिवार पेठ इथून फार लांब नाही."

मी वर बघितलं.

"घरी आमच्या हिला कल्पना नाही," ते म्हणाले. "पण हिला पुष्कळ गोष्टींची कल्पना मी केल्यानंतरच येते."

"आधी माल उतरू द्या, मग मीच सोडतो," भीमराव म्हणाला. "ओली कोथमीर गाडीत ऱ्हायली तर काळी पडंल."

मग काय विचारता! हमालांच्या रांगेत मी उभा, माझ्या पुढं खासगीवाले. हातातून हातात जुड्या. खासगीवाले प्रत्येक जुडी देताना "सांभाळून" म्हणत होते, त्यामुळं रांग थोडी तुंबत होती. पण टेम्पो असा रिकामा झाला की शेवटची जुडी खाली पोचायच्या आधी भीमरावनं गियर टाकला होता.

शनिवार पेठेत एका जुन्या इमारतीचे दोन जिने. अक्काचे गुडघे पायरीपायरीला कुरकुरत होते, पण पाटी ती कुणाला देईना. दार एका ठेंगण्या, चष्मेवाल्या बाईंनी उघडलं. मंदाकिनीबाई. त्यांनी नवऱ्याला वरून खाली पाहिलं: अनवाणी पाय, पोटऱ्या, पँटवरची रेघ, केसांत कोथिंबीर.

"दूध आणलंत का?"

"नाही. कोंबडी आणली."

"किती दिवस?"

"फुटेपर्यंत."

बाईंनी अक्काकडं पाहिलं, पाटीतून चिवचिव ऐकली, आणि बाजूला झाल्या. "चिखलाचे पाय आधी धुवा सगळ्यांनी. पाटी ओट्याखाली ठेवा, तिथं ऊब असते. अहो, उभे काय, सिलिंडर सरकवा!"

सिलिंडर सरकला. पाटी ओट्याखाली गेली. अक्का फरशीवर मांडी घालून बसली आणि तिनं मान वर केली, जिथून खासगीवाल्यांचं ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं तिकडं.

"सायेब, आता?"

खासगीवाले स्वतःच्या स्वयंपाकघरात उभे होते. स्वेटरमधून पाणी गळत होतं. त्यांनी ते सरळ केलं.

"हे पुणे."

"पक्कं?"

"बाई, याहून पक्कं निघत नाही."

सरपंचिणीनं अंग फुगवलं. तिच्या छातीखालून ओलं, वाकडं, पिवळं एक डोकं बाहेर आलं, ओट्याखालच्या अंधारात त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि कुणीतरी उशीर केल्यासारखं ओरडलं.

"अगदी पुणेकर," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

दिवेलागणीपर्यंत सगळी अंडी फुटली. खासगीवाले पोटावर पडून बॅटरी धरून होते आणि दर पिल्लाला "आलं, आलं" म्हणून अक्काला सांगत होते. ती हातानं प्रत्येकाला चाचपून परत पंखाखाली सारत होती. भीमराव दाराशी टेकून चहा पीत होता, जायचं नावच काढेना. मी यमुनाबाईला फोन करून सगळं खरं सांगितलं. तिनं एका शब्दावर विश्वास ठेवला नाही.

*

सकाळी निघताना अक्का म्हणाली, "वैजा, आट पुरी झाली. अंडी पुन्यात फुटली."

"मग झालं तर! चल घरी."

"पन तुजं घर वारज्याला."

एवढं बोलून अक्का पाटीत हात घालून पिल्लं वेगळी करायला लागली. एक इकडं, एक तिकडं.

"हे काय?" खासगीवाल्यांनी विचारलं.

"अर्धल. आमच्याकडं ज्याच्या उंबऱ्यात पिल्लं निगत्यात, निम्मी त्याची. ही तुमची. आन् हे एक वरचं निगालंय, ते टेम्पोवाल्याचं."

"बाई, आम्ही खात नाही!"

"खायाला कोन देतंय? वाटा देते. वाटा नगं म्हनायचं नस्तंय, आपमान हुतो."

"अहो पण आम्ही ठेवणार कुठे?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "हे तर दूधही विसरतात."

"आत्ता न्हाई ठिवायची. आईपासनं तोडली तर मरतील. थोरली हुस्तवर मी संबाळनार की." अक्कानं पाटीवर फडकं टाकलं आणि गुडघे दाबत उभी राहिली. "वाटेकऱ्याचा माल माज्या हातात हाय. तो टाकून गावाला कशी जाऊ? चल रं वैजा, कुटं हाय तुजं ते वारजं?"

त्याला आता बरेच दिवस झाले. अक्काच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिनं आधी सरपंचिणीला पाहिलं, मग मला, आणि म्हणाली, "तू म्हातारा झालास, हे कुनी सांगितलं न्हाई." मागच्या अंगणात पिल्लांच्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या झाल्या, दोन कोंबडे निघाले. दर रविवारी खासगीवाले बस बदलत वारज्याला येतात. आपला वाटा बघायला, असं म्हणतात. त्यांच्या वाट्याचा कोंबडा आरवला की तो माझ्या कोंबड्यापेक्षा शुद्ध आरवतो, असाही त्यांचा दावा आहे. येताना कधी मंदाकिनीबाई असतात, कधी भीमराव कोथिंबीर टाकून जातो.

परवाच्या रविवारी खासगीवाले अंगणात खुर्ची टाकून बसले होते. अक्का सुपातून कण्या टाकत होती.

"सायेब," ती म्हणाली, "इमानानं सांगा. आता वारजं पुन्यात आलं का?"

ती अजून मोजतच होती तर. तलंगा अंड्यांवर आल्या होत्या. वाटा कधीही वाटून होईल, मग तिला थांबायला कारण उरणार नव्हतं. मी खासगीवाल्यांना दोन्ही डोळ्यांनी डोळा मारला. 'हो' म्हणा, मनात म्हटलं. एवढी एक वेळ.

खासगीवाल्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. समोरच्या नव्या इमारतीकडं, पत्र्यावर बसलेल्या त्यांच्या कोंबड्याकडं, आणि शेवटी अक्काच्या त्या खाली झुकलेल्या खांद्याकडं पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "अजून नाही."

अक्कानं मान डोलावली. "म्हंजे यायचंय."

"यायचंय. पण असल्या गोष्टींना वेळ लागतो. शंभर वर्षंसुद्धा लागतात."

"लागू द्या की," अक्का म्हणाली आणि सुपातल्या उरलेल्या कण्या तिनं अंगणभर फेकल्या. "इतवर थांबले. आता बघूनच जाईन."